बँकॉकमध्ये फिरायचं कसं: आधी रूळ, मग नदी, मग कालवा आणि सगळ्यात शेवटी रस्ता

बीटीएसच्या, म्हणजे बँकॉकच्या वरून धावणाऱ्या मेट्रोच्या, डब्यात आई खांबाला धरून उभी होती. घोषणा झाली, "सथानी तो पाय, राछथेवी." आईने माझ्याकडे वळून विचारलं, "राजदेवी म्हणतेय का गं ही?"

हो, राजदेवीच. 'सथानी' म्हणजे आपलं स्थान, स्थानक. 'तो पाय' म्हणजे पुढचं. रोमन अक्षरांत लिहिलेलं 'राचाथेवी' मी दोन दिवस अडखळत वाचत होते, आणि अडुसष्ट वर्षांच्या आईने ते कानाने एका झटक्यात ओळखलं. त्या दिवसापासून आमची स्टेशनं पाठ व्हायला लागली. पुढे हा प्रकार अधूनमधून येईलच, कारण तो नुसती गंमत नाही, नावं लक्षात ठेवायला त्याचा खरोखर उपयोग होतो.

बँकॉकला मी तीनदा गेले. पहिल्या खेपेला टॅक्सीत बसून सिग्नल मोजले, दुसऱ्या खेपेला रेल्वे कळली, आईला घेऊन गेले तेव्हा नदी कळली. इथला रस्ता संध्याकाळी चार ते आठ या वेळात चालतच नाही. ज्याला हे आधी कळतं त्याचे रोजचे दोन तास वाचतात. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे: आधी रूळ, मग पाणी आणि दुसरं काहीच नसेल तेव्हा रस्ता.

निघण्याआधी घरी बसून करायच्या गोष्टी

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तुमच्या क्रेडिट कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आणि 'टॅप करून पैसे भरणे' हे दोन्ही चालू करा. आपल्याकडे नव्या कार्डांवर या सोयी बहुतेक वेळा बंदच असतात. बँकॉकच्या एमआरटी मेट्रोत व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड थेट फाटकावर टेकवून आत जाता येतं, तिकीट काढावं लागत नाही. पण एका माणसाला एक कार्ड. नवरा-बायको एकाच कार्डावर जाऊ शकत नाहीत. ज्या कार्डाने आत गेलात त्याच कार्डाने बाहेर यायचं.

ग्रॅब आणि बोल्ट ही टॅक्सी बोलवायची दोन ॲप्स भारतात असतानाच उतरवून नोंदणी करून ठेवा. ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येतो आणि तिथे उतरल्यावर तोच नंबर बंद असेल तर विमानतळावर उभं राहून चडफडायची वेळ येते.

हॉटेलचं नाव आणि पत्ता थाई लिपीत फोनमध्ये फोटो काढून ठेवा. रोमन अक्षरांतला पत्ता बऱ्याच टॅक्सीवाल्यांना वाचता येत नाही. आपल्याकडच्या रिक्षावाल्याला 'सदाशिव पेठ' फ्रेंचमध्ये लिहून दाखवल्यासारखं होतं ते.

पैशांचं म्हणाल तर एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये, भाव रोज हलतो. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढले तर दर वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क जातं, तेव्हा थोडेथोडे काढू नका. आणि वीसच्या नोटा व सुटी नाणी जपा. बसमध्ये आणि बोटीवर हजाराची नोट पुढे केलीत की कंडक्टर तुमच्याकडे जसं बघतो, ते बघणं मुंबईकराला भाषांतर करून सांगावं लागत नाही.

विमानतळावरून शहरात

मुख्य विमानतळ सुवर्णभूमी. थाई माणूस त्याला 'सुवन्नफूम' म्हणतो. शेवटचा 'इ' लिहिला जातो, बोलला जात नाही. टॅक्सीवाल्याला 'सुवर्णभूमी' म्हणालात तर तो गोंधळेल, 'सुवन्नफूम' म्हणालात की लगेच मान डोलावेल.

सामान एखादी बॅग असेल आणि सकाळी सहा ते रात्री साडेअकराच्या आत तुम्ही सामान घेऊन बाहेर येणार असाल, तर सरळ तळघरात उतरा. तिथून एअरपोर्ट रेल लिंक सुटते. मशीनमधून प्लास्टिकचं गोल टोकन घ्यायचं, शेवटचं स्टेशन फाया थाईपर्यंत ४५ बाट, आणि साधारण अर्ध्या तासात तुम्ही शहराच्या मध्यावर. ही गाडी २०१० पासून चालते आणि एकूण जेमतेम आठ स्टेशनं आहेत.

कुठे उतरायचं हे हॉटेलवरून ठरवा. हॉटेल बीटीएसच्या मार्गावर असेल तर फाया थाईला उतरा, तिथे बीटीएसचं स्टेशन चिकटूनच आहे. हॉटेल एमआरटीच्या मार्गावर असेल तर मक्कासानला उतरा आणि पादचारी पुलावरून एमआरटीच्या फेच्छबुरी स्टेशनात जा. फेच्छबुरी म्हणजे वज्रपुरी. 'वज्र'चं थाई तोंडात 'फेच्छ' झालंय.

सोबत म्हातारं माणूस आणि चार बॅगा असतील, किंवा मुंबईचं विमान पहाटे तीनला उतरत असेल, तर टॅक्सी घ्या. त्यात कमीपणा नाही. पहिल्या मजल्यावर मशीनं लावलेली आहेत, बटण दाबलं की चिठ्ठी येते, चिठ्ठीवर खांबाचा नंबर असतो, त्या नंबरखाली तुमची टॅक्सी उभी असते. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका, खिशात ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तीच कामाला येते. मीटरमध्ये दिसेल त्यावर विमानतळाचे ५० बाट आणि टोल वेगळा. हे दोन्ही कायदेशीर आहे, भांडू नका. सुखुमवित भागापर्यंत सगळं मिळून साधारण ४०० बाटच्या आसपास जातात. आगमन कक्षात "टॅक्सी, टॅक्सी" करत अंगावर येणाऱ्यांकडे बघायचंच नाही.

दुसरं विमानतळ डॉन मुआंग. स्वस्त कंपन्यांची विमानं तिथे उतरतात. तिथून २०२१ मध्ये सुरू झालेली लाल मार्गाची रेल्वे आहे. ती थेट क्रुंग थेप अफिवात या भल्यामोठ्या नव्या टर्मिनसला जाते आणि तिथून खाली एमआरटी मिळते.

रूळ: दोन कंपन्या, दोन तिकिटं, एका जागेची दोन नावं

इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून इथे जरा थांबते.

बीटीएस ही वरून जाणारी गाडी, डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाली. एमआरटीची निळी मार्गिका बरीचशी जमिनीखालून जाते, ती २००४ मध्ये आली. दोन्ही वेगळ्या यंत्रणा. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. बीटीएसला पातळ कार्डासारखं तिकीट मिळतं किंवा रॅबिट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, चालतं. एमआरटीला काळं गोल टोकन मिळतं किंवा वर सांगितल्याप्रमाणे तुमचं बँकेचं कार्ड चालतं. टोकन आत जाताना फाटकावर टेकवायचं आणि बाहेर पडताना खाचेत टाकायचं. आईने पहिल्या दिवशी बाहेर पडतानाही ते टेकवलं, टेकवलं, पुन्हा टेकवलं, आणि मागे रांग वाढत गेली. शेवटी मागच्या शाळकरी मुलाने न बोलता बोटाने खाच दाखवली.

आता नावांचा घोळ. दोन मार्ग जिथे मिळतात तिथे स्टेशनांची नावं वेगवेगळी आहेत. बीटीएसचं असोक आणि एमआरटीचं सुखुमवित ही एकच जागा. बीटीएसचं साला डाएंग आणि एमआरटीचं सी लोम ही एकच जागा. बीटीएसचं मो चित आणि एमआरटीचं चतुचाक पार्क ही एकच जागा. दादरला पश्चिम रेल्वेचं नाव दादर आणि मध्य रेल्वेचं नाव काहीतरी तिसरंच असतं तर काय झालं असतं, ते इथे झालंय. या तीन जोड्या कागदावर लिहून खिशात ठेवल्या तरी अर्धं बँकॉक उलगडतं. (साला डाएंग म्हणजे लाल शाळा, पण 'शाळा' इथे मंडप किंवा धर्मशाळा या जुन्या अर्थाने. असोक म्हणजे आपला अशोकच.)

बीटीएसच्या मुख्य मार्गिका दोन. सुखुमवित मार्गिका खु खोतपासून खेहापर्यंत जाते, सीलोम मार्गिका नॅशनल स्टेडियमपासून बांग वापर्यंत. दोन्ही सियाम स्टेशनात भेटतात. फलाटावर दिशा शेवटच्या स्टेशनाच्या नावाने लिहिलेली असते, विरार-चर्चगेटसारखीच, तेव्हा आपल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. सियामला मात्र एक खुबी आहे. तिथे फलाट एकावर एक दोन मजल्यांवर आहेत. खु खोत आणि नॅशनल स्टेडियमकडे जाणाऱ्या गाड्या वरच्या मजल्यावर समोरासमोर लागतात, खेहा आणि बांग वा या दिशांच्या खालच्या मजल्यावर. म्हणजे असोकहून येऊन नदीकडे जायचं असेल तर तुम्ही वर उतरता आणि तुमची पुढची गाडी खाली असते. समोरच उभी असलेली गाडी बघून आत उडी मारलीत तर एकाच स्टेशनानंतर नॅशनल स्टेडियमला मार्ग संपतो आणि सगळे उतरून जातात. मी मारली होती.

रॅबिट कार्ड घ्यावं का? तीन-चार दिवस राहणार असाल आणि बीटीएसने रोज जाणार असाल तर घ्या. तिकीट खिडकीवर मिळतं, पासपोर्ट लागतो, कार्डाचे म्हणून साधारण १०० बाट जातात आणि वर रक्कम भरायची. भाडं स्वस्त होत नाही, रांग वाचते. सकाळी आठच्या गर्दीत मशीनसमोरची रांग बघितलीत की शंभर बाटांचं वाईट वाटणार नाही.

डब्यात खाणंपिणं बंद, ड्युरियन फळ तर नेऊच देत नाहीत. एमआरटीच्या दारात सामान तपासतात. वातानुकूलन इतकं कडक की आईसाठी शाल पिशवीत ठेवावी लागायची. दाराजवळच्या काही जागा भिक्खूंसाठी असतात, तशी पाटी असते. भिक्खूच्या अंगाला बाईचा स्पर्श होऊ नये असा तिथला संकेत आहे, तेव्हा बायकांनी शेजारी रिकामी जागा दिसली तरी बसू नये. आणि सकाळी आठ व संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत वाजतं. जिन्यावर असाल तर जिन्यावर, तिकिटाच्या रांगेत असाल तर रांगेत, जिथे असाल तिथे उभं राहायचं. पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा सगळी धावपळ कुणीतरी बटण दाबून थांबवल्यासारखी वाटली. गीत संपलं आणि चपलांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर: एमआरटीत लिफ्ट जवळजवळ सगळीकडे सहज सापडते. बीटीएसच्या जुन्या स्टेशनांत लिफ्ट एखाद्याच बाहेर पडण्याच्या वाटेवर असते आणि सरकते जिने बऱ्याच ठिकाणी फक्त वर जाणारे असतात. फलाटावर उतरल्यावर आधी लिफ्टची पाटी शोधा, मग कुठल्या बाजूला उतरायचं ते ठरवा.

नदी: १६ बाटांत तासाभराची मजा

बीटीएसने सफान ताक्सिनला उतरा आणि २ नंबरच्या वाटेने खाली या, समोरच साथोन धक्का आहे. चाओ फ्राया एक्स्प्रेसच्या बोटी इथून वर नंदपुरीपर्यंत, म्हणजे नोन्थाबुरीपर्यंत जातात. बोटीच्या मागे झेंडा असतो आणि रंगावरून बोट कुठे थांबणार ते कळतं. तुम्हाला फक्त केशरी झेंडा लक्षात ठेवायचाय. तो दिवसभर असतो, कामाच्या सगळ्या धक्क्यांवर थांबतो आणि कुठेही उतरलात तरी १६ बाट. पिवळा आणि हिरवा-पिवळा गर्दीच्या वेळचे, नोकरदारांचे.

साथोन धक्क्यावर पोहोचलात की निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचा दिवसभराचा पास घ्या म्हणून कुणीतरी सांगायला येईल. ती बोट वाईट नाही, बसायला ऐसपैस जागा असते, इंग्रजीत माहिती सांगतात. पण पहिल्या खेपेला मी तो पास घेऊन जेमतेम दोनदा बोटीत बसले. नुसतं राजवाड्यापर्यंत जायचं असेल तर "ऑरेंज फ्लॅग" एवढंच म्हणत पुढे जायचं.

बोटीत चढणं शिकावं लागतं. मागच्या टोकाला एक पोऱ्या दोर घेऊन उभा असतो आणि तोंडात शिट्टी. पुढे सारंगाला मागचं काही दिसत नाही. सगळं नियंत्रण शिट्टीवर: लांब शिट्टी, दोन आखूड, मग एक चिडलेली. बोट धक्क्याला घासते, पोऱ्या दोराचा फास खुंटावर टाकतो, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, आणि अर्ध्या मिनिटात दोर सुटतो. आईला मी मध्ये ठेवून पुढे एक हात दिला, मागून एका अनोळखी थाई बाईने तिची कोपर धरली. साडीचा काठ ओला झाला, तेवढंच. चढल्यावर दाराशी गर्दी करू नका, आत सरका. तिथे "भिक्खूंसाठी जागा" अशी पाटी दिसेल, ती सोडून उभं राहायचं. तिकीटवाली हातातली पत्र्याची नळी खुळखुळवत येते. त्या नळीतच तिकिटं आणि नाणी. आपल्या बेस्टच्या कंडक्टरच्या पंचची टिकटिक आठवून मला उगीच घरच्यासारखं वाटलं.

धक्क्यांना नंबर आहेत. एन ५ म्हणजे राछवोंग, चायनाटाउनसाठी. एन ९ म्हणजे था छांग, राजवाड्यासाठी. 'था' म्हणजे धक्का, 'छांग' म्हणजे हत्ती. पूर्वी इथे हत्ती अंघोळीला आणत. एन १३ म्हणजे फ्रा आथित, खाओसान रस्त्यासाठी. आथित म्हणजे आदित्य. 'फ्रा' हा देवाच्या, राजाच्या नावाआधी लागणारा आदराचा शब्द.

नदी आडवी ओलांडायची असेल तर वेगळी 'तर', म्हणजे आरपार नेणारी होडी असते. वाट फोच्या ('वाट' म्हणजे देऊळ) जवळच्या था तिएन धक्क्यावरून समोरच्या वाट अरुणला जायला ५ बाट. पाच मिनिटंही लागत नाहीत. सूर्यास्ताच्या आधी एकदा तरी या तरीत बसा. अरुणाचं देऊळ पाण्यातून जवळ येत जातं आणि त्यावरचे चिनी मातीच्या तुकड्यांचे नक्षीकाम एकेक करून दिसायला लागतं.

कालवा: हा सगळ्यांसाठी नाही

ख्लोंग साएन साएप हा कालवा १८३७ ते १८४० मध्ये तिसरा राम या राजाच्या काळात खणला गेला. आज त्यावर शहरातली सगळ्यात बेफाम बोट धावते. आई म्हणाली, "तू जा, मी इथे बसते." तिला हुआ छांग धक्क्याजवळच्या एका कॅफेत बसवून मी गेले.

बोट लांब, अरुंद, आणि दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्र्या. कडेला बसलेल्या प्रवाशासमोर एक दोर लोंबत असतो. समोरून दुसरी बोट आली की कडेचे सगळे एकदम दोर खेचतात, ताडपत्री वर चढते आणि काळं पाणी फटकन तिच्यावर आदळतं. कडेची जागा घेतलीत की हे तुमचं काम. मी फोटो काढत बसले होते. शेजारच्या आजोबांनी माझ्या पुढ्यातला दोर माझ्या हातात दिला आणि नुसते भुवया वर करून बघितलं. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून, छताची दांडी धरून चालतो आणि पैसे घेतो. हेल्मेट कशाला ते पहिला ठेंगणा पूल आला तेव्हा कळलं.

व्यावहारिक गोष्टी एवढ्याच: मध्ये प्रातुनाम धक्क्यावर बोट बदलावी लागते, सगळे उतरले की तुम्हीही उतरून पुढच्या बोटीत बसा. पश्चिमेचं टोक फान फा, तिथून सुवर्णगिरीचं देऊळ चालत जवळ आहे. जुन्या शहराच्या या टोकाला रेल्वे नाही, तिथे सियामहून सगळ्यात लवकर हीच पोहोचवते आणि भाडं वीस बाटच्या आसपासच. संध्याकाळ झाली की बोटी बंद व्हायला लागतात, परतीच्या भरवशावर राहू नका. पाणी घाण आहे, तोंड मिटून बसा. गरोदर बायका, लहान मूल कडेवर असलेले आणि गुडघेदुखीवाले यांनी जाऊ नये. उडी मारूनच चढावं लागतं.

रस्ता: आता नाइलाज म्हणून

टॅक्सीच्या काचेत लाल दिवा पेटलेला असेल तर ती रिकामी आहे. आपल्याला लाल म्हणजे 'नको' वाटतं, इथे उलटं. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो आणि गाडी वातानुकूलित असते, तेव्हा अंतर बरं असेल आणि रस्ता मोकळा असेल तर तीन-चार जणांना टॅक्सी रेल्वेपेक्षा स्वस्त पडते. हे फक्त सकाळी दहा ते दुपारी तीन आणि रात्री नऊनंतर. दुपारी तीन-चारच्या सुमाराला ड्रायव्हर पाळी बदलतात, गाडी परत द्यायची असते, म्हणून नाही म्हणतात. तो उद्धटपणा नाही, राग धरू नका.

दार उघडायचं, ठिकाण सांगायचं, आणि विचारायचं, "मीतर?" तो हो म्हणाला की बसायचं. आकडा सांगायला लागला की दार लावून टाकायचं, हुज्जत घालायची नाही. एका बाजाराच्या दाराशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरने मला चारशे सांगितले. रस्ता ओलांडून चालत्या टॅक्सीला हात केला, तेवढंच अंतर मीटरने ८७ बाटांत झालं. पर्यटनस्थळाच्या दाराशी उभी असलेली टॅक्सी कधीच घेऊ नका, रस्त्यावर वाहती टॅक्सी पकडा. ठाण्यात, पुण्यात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला हवं असं नाही.

चार शब्द पाठ करा: डावीकडे 'लिआओ साय', उजवीकडे 'लिआओ ख्वा', सरळ 'त्रोंग पाय', इथे थांबा 'चोत त्रोंग नी'. आणि बाईने वाक्याच्या शेवटी 'खा', पुरुषाने 'ख्राप' लावायचं. नुसतं 'खा' लावल्याने समोरच्याचा चेहरा बदलतो.

तुकतुक ही आपली रिक्षाच. आपण आयुष्यभर रिक्षात बसतो, त्यामुळे आपल्याला तिचं अप्रूप नसावं, पण लोक हौसेने बसतात. मीटर नाही, घासाघीस करावी लागते आणि बहुतेक वेळा टॅक्सीपेक्षा महाग पडते. राजवाड्याच्या आसपास कुणी चांगले कपडे घातलेला माणूस येऊन म्हणाला की "आज राजवाडा बंद आहे, वीस बाटात तुकतुक तुम्हाला दुसरी देवळं दाखवेल", तर पुढे चालत राहा. राजवाडा उघडा असतो. ती तुकतुक रत्नांच्या आणि कापडाच्या दुकानात जाते. ही युक्ती फार जुनी आहे आणि अजूनही चालते.

गल्लीच्या आत जायला मोटरसायकल. मोठ्या रस्त्याच्या पोटात शिरणाऱ्या गल्लीला 'सोय' म्हणतात, आणि काही सोया दोन-दोन किलोमीटर लांब असतात. तोंडाशी केशरी जाकिटं घातलेले मोटरसायकलवाले बसलेले असतात, जवळ दरफलक लावलेला असतो. थाई बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, आपल्या स्कूटरवरच्या काकूंसारख्या. हेल्मेट मागून घ्या. मुख्य रस्त्यावर मोठ्या अंतरासाठी मात्र ही नको.

सोयांच्या नंबरांचंही एक आहे. सुखुमवित रस्त्याच्या उत्तरेला विषम नंबर, दक्षिणेला सम. पण दोन्ही बाजूंचे आकडे सारख्या वेगाने वाढत नाहीत. सोय ५५ च्या समोर सोय ५६ नाही, तर ३८ च्या आसपासची असते. पत्ता शोधताना आधी बाजू पक्की करा, मग नंबर.

साध्या बसबद्दल थोडक्यात: लाल-क्रीम रंगाची, पंखेवाली सरकारी बस ८ बाटांत कुठेही नेते, लाकडी फळ्यांची जमीन, उघड्या खिडक्या. घाई नसेल तर झकास. घाई असेल तर निळी वातानुकूलित विजेवरची बस बघा. नंबर बदललेले आहेत, जुने नवे दोन्ही पाट्यांवर दिसतात, तेव्हा फोनच्या नकाशावर बघितल्याशिवाय चढू नका.

एक दिवस, सगळं जोडून

आई आणि मी असा दिवस काढला आणि टॅक्सीला एक बाट दिला नाही. मुक्काम असोकला होता.

सकाळी साडेआठला बीटीएस, सियामला उतरून खालच्या मजल्यावर बांग वाची गाडी, सफान ताक्सिन. केशरी झेंड्याची बोट, एन ९ था छांग. राजवाडा दुपारी साडेतीनला बंद होतो आणि उन्हात फरशा तापतात, म्हणून सकाळीच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी-सलवारला कुणी अडवत नाही. तिथून वाट फोपर्यंत सावकाश चालत पंधरा-वीस मिनिटं. मग था तिएनहून ५ बाटांची तर, वाट अरुण, आणि परत.

परतल्यावर जवळच एमआरटीचं सनाम चाय स्टेशन आहे. 'सनाम' म्हणजे मैदान आणि 'चाय' म्हणजे जय. आत उतरल्यावर राजवाड्यात शिरल्यासारखे कोरीव खांब आहेत, काम नसलं तरी बघून यावं. इथूनच २०१९ मध्ये निळी मार्गिका नदीखालून पलीकडे गेली. पलीकडचं पहिलं स्टेशन इत्साराफाप. शब्द मुळात 'ईश्वरभाव', थाईत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. आम्ही मात्र उलट दिशेला एकच स्टेशन गेलो, साम योत. तिथून फाहुरात, म्हणजे इथलं लिटल इंडिया, चालत. शाकाहारी जेवण, चहा, साड्यांची दुकानं, गुरुद्वारा. आईने चहाचा पहिला घोट घेतला आणि चार दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकली.

परतीला साम योतहून त्याच गाडीने सरळ सुखुमवित, मध्ये कुठेही बदल नाही. आमच्याकडे वेळ होता म्हणून आम्ही पुढे तीन-चार स्टेशनं जाऊन हुआय ख्वांगला उतरलो. तिथल्या चौकात गणपती आहे. थाई लोक त्याला 'फ्रा फिखनेत' म्हणतात आणि मनापासून पुजतात. सिनेमावाले, कलाकार, दुकानदार, सगळे. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, चौकात गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, एकही हलत नव्हती. झेंडूच्या माळा, लाल सरबताच्या बाटल्या, उदबत्त्यांचा धूर. आईने हात जोडले, शेजारच्या ऑफिसातून आलेल्या मुलीनेही जोडले. मग आई त्या अडकलेल्या टॅक्स्यांकडे बघून म्हणाली, "चल, खाली उतरू. साडेसातच्या आत हॉटेलवर असू."

सात वाजून वीस मिनिटांनी होतो.